फादर, मदर की नुसतंच रेव्हरंड?

माझी मावसबहीण इंग्लंडात लेस्टरजवळ राहते. तिचा मुलगा जातो ती प्राथमिक शाळा चर्च ऑफ इंग्लंडची आहे. तिकडे अशा शाळा गावोगाव आहेत आणि त्यांत सगळ्या धर्मांची पोरं शिकतात. गेल्या हिवाळ्यात तिच्या सासूबाई तीन आठवडे हॉस्पिटलात होत्या, तेव्हा शाळेशेजारच्या चर्चच्या व्हिकर दोनदा येऊन त्यांच्याशी गप्पा मारून गेल्या. व्हिकर म्हणजे तिथले धर्मगुरू, आणि या व्हिकर बाई आहेत. घरी परतल्यावर सासूबाईंनी फर्मान काढलं, आभाराचं कार्ड गेलंच पाहिजे. रात्री साडेअकराला मला मेसेज आला: 'पाकिटावर काय लिहू? मदर? सिस्टर? मॅडम? फादर तर नाही ना लिहायचं?'

मी अनुवाद करून पोट भरते, म्हणून असले प्रश्न माझ्याकडे येतात. आणि या प्रश्नात मी स्वतः एकदा सपशेल तोंडावर आपटलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका अमेरिकन लेखाचं मराठी करताना त्यात 'मदर' अमुक असा उल्लेख आला. मदर म्हणजे मदर तेरेसांसारख्या, असं धरून मी बिनदिक्कत 'धर्मभगिनी' लिहून मोकळी झाले. दोन पानांनंतर त्या धर्मभगिनींचा नवरा स्वयंपाकघरात पॅनकेक करताना दिसला आणि शेजारी दोन मुलं. त्या बाई नन नव्हत्याच. त्या धर्मगुरू होत्या.

चूक का झाली ते सांगते, कारण बहुतेक मराठी वाचकांची तीच होते. आपल्याला ख्रिस्ती पदव्या ठाऊक आहेत त्या वसई, गोवा, मुंबईतल्या कॅथलिकांमुळे आणि कॉन्व्हेंट शाळांमुळे. फादर म्हणजे पुरुष, सिस्टर आणि मदर म्हणजे मठात राहणाऱ्या अविवाहित बायका, विषय संपला. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. पण मराठी कवितेत त्याहून जुनं एक नाव आहे, रेव्हरंड ना. वा. टिळक. त्यांना कोणी फादर टिळक म्हटल्याचं ऐकलंय? दिब्रिटो कॅथलिक, टिळक प्रॉटेस्टंट. एकाच धर्माची दोन घराणी आहेत आणि पदव्यांचा सगळा गोंधळ या दोन घराण्यांच्या वाटा वेगळ्या झाल्यामुळे आहे.

कॅथलिक चर्चमध्ये गुरुदीक्षा फक्त पुरुषांना मिळते. मे १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी पत्र काढून सांगितलं की स्त्रियांना ही दीक्षा द्यायचा अधिकारच चर्चला नाही. गंमत अशी की त्याच्या दोनच महिने आधी, १२ मार्च १९९४ रोजी, ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये चर्च ऑफ इंग्लंडने आपल्या पहिल्या बत्तीस स्त्रियांना प्रीस्ट, म्हणजे धर्मगुरू, केलं होतं. म्हणजे कॅथलिकांकडे बाईला काय म्हणायचं हा प्रश्न उद्भवतच नाही. अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड आणि जगभरची तिची भावंडं), लुथरन, मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथांकडे तो उद्भवला आणि इंग्रजी भाषेला शब्द शोधत बसावं लागलं.

आता हे शब्द सुटे करून पाहू. त्यासाठी मला आपली वारकरी पत्रिकाच बरी वाटते. हरिनाम सप्ताहाच्या पत्रिकेवर कीर्तनकाराचं नाव कसं छापतात? 'ह.भ.प.' अमुक महाराज. हरिभक्तपरायण हे विशेषण, ते फक्त छापायचं. आपण कधी कुणाला 'अहो हभप, चहा घ्या' म्हणत नाही. 'कीर्तनकार' हे कामाचं नाव. आणि तोंडाने हाक मारतो ती 'महाराज', 'बुवा', बाई असतील तर 'ताई'. विशेषण, काम आणि हाक, अशा तीन वेगळ्या गोष्टी. इंग्रजीतही नेमक्या ह्याच तीन आहेत. रेव्हरंड हे विशेषण. प्रीस्ट, व्हिकर, डीकन, बिशप ही कामं किंवा पदं. फादर आणि मदर ह्या हाका. तिन्हींची लिंगाची भानगड निराळी आहे, आणि बहुतेक वाद होतात ते एकीचा नियम दुसरीला लावल्यामुळे.

विशेषण सगळ्यात सोपं. रेव्हरंड हा लॅटिन 'रेव्हरेंडस'चा वंशज, अर्थ 'आदर करण्याजोगा', थोडक्यात आपलं 'आदरणीय'. लॅटिनमध्ये पुरुषाला रेव्हरेंडस, बाईला रेव्हरेंडा, जसं संस्कृतात पूजनीय आणि पूजनीया. इंग्रजीने शेपूट छाटून टाकलं, त्यामुळे उरलेला शब्द दोघांनाही चालतो. जुन्या मराठी पत्रांत 'ती.' बाबांनाही लागायचं आणि आईलाही, तसंच. याच्या वर पायऱ्याही आहेत: कॅथीड्रलचा कारभार पाहणाऱ्या डीनला व्हेरी रेव्हरंड, बिशपला राइट रेव्हरंड, आर्चबिशपला मोस्ट रेव्हरंड. आपल्या 'श्री १०८'चीच ही चुलत भावंडं. बाई वर चढली की पायरी बदलते, शब्द नाही.

इंग्लंडातले नेमस्त लोक मात्र या शब्दाच्या व्याकरणावरून फार हळवे असतात. विशेषण आहे म्हणून त्यामागे 'द' हवा आणि पुढे पूर्ण नाव हवं. 'रेव्हरंड स्मिथ' असं नुसतं आडनावाला चिकटवलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. आपल्याकडे 'माननीय पाटील, जरा सरका' म्हटलं तर जसं वाटेल तसं. अमेरिकेत कोणी एवढं मनावर घेत नाही. तिकडे 'गुड मॉर्निंग, रेव्हरंड' सर्रास चालतं.

लिंग डोकावतं ते जोडप्याच्या पाकिटावर. जुनी रीत होती 'द रेव्हरंड अँड मिसेस जॉन स्मिथ'. म्हणजे बायकोचं नाव गायब, आपल्या 'श्री. व सौ. पाटील' सारखं. बायकोच धर्मगुरू असेल तर हा साचा मोडतो. मग लिहायचं 'द रेव्हरंड जेन स्मिथ अँड मिस्टर जॉन स्मिथ'. आता दोघंही नावानिशी आले. पाकिटावर नवऱ्याचं नाव दुसऱ्या क्रमांकावर ही काही घरांत पचायला वेळ लागलेली गोष्ट आहे, असं मला एका जाणकार बाईंनी हसत सांगितलं.

कामाच्या नावांकडे वळलो की खरा गुंता लागतो. इंग्रजीत पुल्लिंगी शब्दाला '-एस' जोडला की स्त्रीलिंग होतं: अ‍ॅक्टरची अ‍ॅक्ट्रेस, वेटरची वेट्रेस. मग प्रीस्टची प्रीस्टेस का नको? शब्द तर कोशात शेकडो वर्षं पडून आहे. हरकत हीच की तो रिकामा नाही. प्रीस्टेस म्हटलं की इंग्रजी कानाला प्राचीन ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळात धुराजवळ बसून भविष्य सांगणारी बाई दिसते; पुराणातली, ख्रिस्ती नसलेली. शिवाय ज्यांना बायकांना दीक्षा द्यायचीच नव्हती त्यांनी हा शब्द मुद्दाम वापरला. इंग्रजी लेखक सी. एस. लुईस यांनी १९४८ साली या कल्पनेविरुद्ध लेख लिहिला, तेव्हा 'प्रीस्टेस' हाच शब्द पुढे ठेवून युक्तिवाद मांडला. शब्द उच्चारला की अर्धी लढाई जिंकली, कारण ऐकणाऱ्याला वाटतं हे काहीतरी वेगळंच, परकं आहे. म्हणून आज अँग्लिकन चर्चमधली बाई प्रीस्टच असते. तिला प्रीस्टेस म्हणणारा एकतर अनभिज्ञ असतो किंवा खवचट.

प्रत्ययाची दुसरी खोड मराठी माणसाला चटकन कळेल. आपला '-ईण' घ्या. पाटलीण म्हणजे गावची पाटीलकी चालवणारी बाई की पाटलाची बायको? बहुतेक वेळा बायकोच. मास्तरीणबाई शाळेत शिकवत असतील किंवा नुसत्या मास्तरांच्या घरी राहत असतील. डॉक्टरीणबाईंचं तेच, दवाखान्यात गेल्याशिवाय कळत नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीत शिकून तयार झालेल्या स्त्री-पुरोहित लग्नं लावतात, मुंजी करतात. त्यांना कोणी भटीणबाई म्हणत नाही, कारण ती जागा भटजींच्या बायकोने आधीच अडवलेली आहे. यजमान सरळ 'ताई' म्हणतात.

युरोपातही नेमकं हेच झालेलं आहे. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये धर्मगुरू लग्न झालेला असू शकतो आणि त्याच्या बायकोला आजही प्रेस्वितेरा म्हणतात. हा 'प्रेस्बितेरोस'चा, म्हणजे ज्या शब्दातून इंग्रजी प्रीस्ट आला त्याचाच स्त्रीलिंगी अवतार. मूळ अर्थ 'वडीलधारा'. वडीलधारी बाई, धर्मगुरू बाई, धर्मगुरूची बायको: तिघी एकाच शब्दात, आणि बाजी मारली बायकोने. रोममध्ये सांता प्रासेदे नावाचं चर्च आहे, तिथल्या नवव्या शतकातल्या मोझेकमध्ये एका बाईच्या चेहऱ्याशेजारी अक्षरं आहेत, 'थिओडोरा एपिस्कोपा'. एपिस्कोपा म्हणजे शब्दशः बाई-बिशप. डोक्यामागचं तेजोवलय गोल नसून चौकोनी आहे, म्हणजे चित्र काढलं तेव्हा ती जिवंत होती. ती पोप पास्कल पहिले यांची आई. मग पदवी कशाची? स्वतःच्या अधिकाराची, घरातल्या कुणा बिशपमुळे मिळालेली, की पोपच्या आईला दिलेला मान? अभ्यासक अजून भांडतात. पाटलीणबाईंचं चित्र बाराशे वर्षांनी कुणाला सापडलं तर तेही असेच भांडतील.

पण प्रत्ययामुळे नुसता गैरसमज होतो असं नाही, नोकरीची पायरीसुद्धा बदलते. हे कळण्यासाठी डीकन आणि डीकनेस ही जोडी बघावी लागते, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

डीकन म्हणजे सेवक. चर्चच्या पदांच्या शिडीवर डीकन, प्रीस्ट, बिशप अशा तीन पायऱ्या, त्यातली ही पहिली. बायबलच्या नव्या करारात, रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात, संत पौल फिबी नावाच्या बाईची शिफारस करतो. तिला तो 'दियाकोनोस' म्हणतो. ग्रीकमध्ये हा शब्द पुरुषाला आणि बाईला एकच, प्रत्यय नाही. आता इंग्रजी भाषांतरकारांची तारांबळ बघा. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये ती 'सर्व्हंट' आहे. १९४६च्या सुधारित आवृत्तीत 'डीकनेस' झाली. १९८९च्या पुढल्या सुधारित आवृत्तीत 'डीकन'. बाई तीच, ग्रीक शब्द तोच. पण कुठल्या इंग्रजी बायबलमधून तुम्ही तिला भेटता त्यावर ती मोलकरीण, मदतनीस की पदाधिकारी हे ठरतं. मराठी पवित्र शास्त्रात 'सेविका' आहे. अनुवादक म्हणून मला तो शब्द आवडतो, कारण मराठीत सेवकाची सेविका होताना दर्जा कमी होत नाही. पण त्यातून पदाचा वास उडतो हेही खरं.

एकोणिसाव्या शतकात डीकनेस या शब्दाला नवा जन्म मिळाला. जर्मनीत कायझरस्वर्थ इथे थिओडोर फ्लीडनर या धर्मगुरूने १८३६ साली बायकांसाठी संस्था काढली: रुग्णसेवा, शिक्षण, गरिबांची देखभाल. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५१ साली तिथेच धडे घेतले. इंग्लंडात १८६२ साली एलिझाबेथ फेरार्ड यांना लंडनच्या बिशपांनी डीकनेस म्हणून परवाना दिला. एकूण काम डीकनसारखं, कधी डीकनपेक्षा जास्त. पण डीकनेस ही 'डीकनची बाई-आवृत्ती' नव्हती. ती पाद्री वर्गात मोजलीच जात नव्हती, कागदोपत्री ती सामान्य भाविक. नावामागे रेव्हरंड लागायचं नाही. तीन अक्षरांचा एक प्रत्यय, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे वेतन, अधिकार, पोशाख, बढतीची वाट वेगळी. १९८७ साली चर्च ऑफ इंग्लंडने स्त्रियांना डीकन व्हायची परवानगी दिली, तेव्हा वर्षानुवर्षं डीकनेस असलेल्या कितीतरी जणी रीतसर दीक्षा घेऊन डीकन झाल्या. सकाळी गेल्या तेव्हा डीकनेस, दुपारी परतल्या तेव्हा रेव्हरंड. शब्दातून '-एस' गळाला आणि बाई एक पायरी चढली.

या प्रत्ययावरून पुढे सरकणारी सगळ्यात विलक्षण गोष्ट हाँगकाँगच्या फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांची. युद्धाचा काळ. तटस्थ पोर्तुगीज मकावमध्ये निर्वासितांची गर्दी आणि तिथल्या अँग्लिकन मंडळीला प्रीस्ट पोचू शकत नाही. त्या मंडळीचा सगळा भार या बाईंवर, पण प्रभुभोजनाचा विधी करायचा अधिकार नाही. शेवटी बिशप रोनाल्ड हॉल यांनी २५ जानेवारी १९४४ रोजी त्यांना प्रीस्ट केलं. अँग्लिकन जगातली पहिली स्त्री प्रीस्ट, आणि तेही इंग्लंडच्या पन्नास वर्षं आधी. युद्ध संपल्यावर इतका गदारोळ झाला की त्यांनी प्रीस्ट म्हणून काम करायचा परवाना परत केला. दीक्षा मात्र सोडली नाही.

आता कोणी म्हणेल, '-एस' म्हणजे कायम कमीपणाच का? नाही. अ‍ॅबेस हा शब्द बघा. अ‍ॅबेस म्हणजे मठाची प्रमुख. सातव्या शतकात व्हिट्बीची हिल्डा ही अ‍ॅबेस होती आणि तिच्या मठात भिक्षू आणि भिक्षुणी दोघेही तिच्या हुकमतीखाली. ६६४ साली इंग्लंडातल्या चर्चने ईस्टरची तारीख कुठल्या पद्धतीने काढायची याचा निवाडा करणारी सभा तिच्या मठात भरली. तिथे प्रत्ययाने कुणाचं काही बिघडवलं नाही, कारण अ‍ॅबेसला खरोखर जमीन, माणसं आणि अधिकार होते. वर एक मजा. अ‍ॅबट, अ‍ॅबेस ही सगळी मंडळी अरामी 'अब्बा' या शब्दावरून आली. अब्बा म्हणजे बाबा. म्हणजे अ‍ॅबेस या शब्दाचं सरळ मराठी केलं तर 'बाबीण' असं काहीतरी होईल, आणि शेकडो वर्षं त्यात कुणालाही काही खटकलं नाही.

जर्मन लोक तर उलट्या दिशेने गेले. १९९२ साली मारिया येप्सेन हाम्बुर्गमध्ये जगातल्या पहिल्या लुथरन स्त्री बिशप झाल्या, त्यांना जर्मन भाषेत 'बिशोफ' नाही, 'बिशोफिन' म्हणतात. जर्मनमध्ये '-इन' लावला नाही तर बाई दिसेनाशी होते अशी तिथल्या स्त्रियांची तक्रार, इंग्रजीत '-एस' लावला तर बाई लहान होते अशी. आपण मध्ये कुठेतरी आहोत. लेखिका, संपादिका यांत कुणाला वावगं वाटत नाही, कवयित्री म्हटलं की काही जणी नाक मुरडतात. आणि कधी मराठी स्त्रीलिंगी पदवी हाच मोठा सन्मान असतो: १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' केलं. तीच पंडिता रमाबाई पुढे इंग्लंडात वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टरांकडे राहिली, तिथेच १८८३ साली तिचा बाप्तिस्मा झाला. आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजात तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर भारतातल्या अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. कलकत्त्याच्या शास्त्र्यांनी पदवी दिली होती. इकडे बिशपांना शिकवण्याचीच धास्ती.

राहिली हाक, आणि सगळ्यात चिवट तीच.

फादर ही काही पुरातन, अढळ रीत नाही. इंग्लंडात कॅथलिक मठवासी फादर म्हणवले जात. साध्या धर्मग्रामातल्या धर्मगुरूला बराच काळ 'मिस्टर'च म्हणत. सरसकट सगळ्यांना फादर म्हणणं तिथे रुळलं ते एकोणिसाव्या शतकात, आयर्लंडहून आलेल्या कॅथलिकांबरोबर. प्रॉटेस्टंटांनी तर ही हाक मुद्दाम टाळली. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की पृथ्वीवर कुणाला पिता म्हणू नका. टिळक फादर नव्हते, रेव्हरंड होते, त्यामागे हा सगळा इतिहास आहे. मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत आजही पाळक म्हणतात, कळप पाळणारा तो. पाद्री हा आपला जुना शब्द मात्र पोर्तुगीज 'पाद्रे'वरून, म्हणजे तो पुन्हा बापच. आणि व्हिकर? तो लॅटिन 'व्हिकारियस', म्हणजे कुणाच्या वतीने काम पाहणारा. गोव्यातला 'विगार' तोच, फक्त पोर्तुगीज वाटेने आलेला.

तर अँग्लिकनांतले जे कॅथलिक वळणाचे आहेत ते आपल्या धर्मगुरूला फादर म्हणतात. तिथे बाई आली. फादर म्हणता येईना. मग अमेरिकेत आणि काही प्रमाणात इंग्लंडात 'मदर' सुरू झालं. तर्काने बरोबर आहे: बाप तर आई. पण हाक तर्काने चालत नाही. मदर म्हटलं की माझ्यासारख्या अनुवादकाला मठ दिसतो. काही बायकांना स्वतःलाच ते नको असतं. आईपण हे काही माझं पद नव्हे, आणि फादर म्हणताना कुणाला बापपण आठवत नाही पण मदर म्हणताना दूधभात आठवतो, असा त्यांचा मुद्दा. काहींना ते मनापासून हवं असतं, कारण शेजारच्या पुरुष सहकाऱ्याला फादर आणि आपल्याला नुसतं नावाने, हे त्यांना कमीपणाचं वाटतं. दोघींचंही पटतं मला. लुथरन आणि बरेच प्रॉटेस्टंट यातून सहीसलामत सुटले, कारण त्यांची हाक 'पास्टर', मेंढपाळ, बाईलाही तीच. सॅल्व्हेशन आर्मी या प्रॉटेस्टंट पंथाने तर फौजेच्या पदव्या घेतल्या, कॅप्टन, मेजर, जनरल. १८८२ साली ते मुंबईत उतरले तेव्हाही हेच होतं आणि १९३४ साली इव्हँजेलिन बूथ जनरल झाल्या तेव्हा नवा शब्द शोधावा लागला नाही.

नात्याच्या हाकेला लिंग चिकटलेलंच असतं असं समजू नका, मात्र. आळंदी-पंढरीच्या वाटेवर पुरुष पुरुषाला 'माउली' म्हणतो. ज्ञानेश्वर बाप्ये, पण माउली. कुणाला त्यात व्याकरणाची चूक दिसत नाही, कारण सातशे वर्षांच्या वापराने ती हाक घासून गुळगुळीत झाली आहे. मदरला अजून पन्नास वर्षंही धड झालेली नाहीत.

बिशपांच्या बाबतीत हाकेपेक्षा सरकारी कागद आडवे आले. अमेरिकेत बार्बरा हॅरिस १९८९ साली बिशप झाल्या, अँग्लिकन जगात पहिल्या. इंग्लंडला २०१५ उजाडलं. २६ जानेवारीला यॉर्क मिन्स्टर या कॅथीड्रलमध्ये लिबी लेन तिथल्या पहिल्या स्त्री बिशप झाल्या. आपल्याकडे त्याआधीच, २०१३ साली, चर्च ऑफ साउथ इंडियाने ई. पुष्पा ललिता यांना आंध्रातल्या नंद्यालच्या बिशप केलं होतं, हे इंग्लंडच्या बातम्यांत फारसं कुणी सांगत नाही. तर इंग्लंडात काही बिशप पदसिद्ध म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, बसतात. ग्लॉस्टरच्या बिशप रेचेल ट्रीविक या तिथे बसणाऱ्या पहिल्या स्त्री बिशप. राजमुद्रेच्या कागदावर बिशपचा उल्लेख ठरलेला: 'राइट रेव्हरंड फादर इन गॉड'. शतकानुशतकं तेच लिहीत आले होते. ट्रीविकबाई म्हणाल्या, हे मला लागू नाही. मग तो कागद राणीच्या नावाने नव्याने काढावा लागला, 'फादर इन गॉड' वगळून. मदर इन गॉड घातलं नाही. नुसतं राइट रेव्हरंड ठेवलं. मला यातली हुशारी आवडते: अडचणीची हाक काढून टाकली आणि विशेषण तेवढं राहू दिलं.

कधी उलटही होतं. इंग्लंडात पाद्री पुरुषाला नाइटहुड मिळालं तरी त्याने नावाआधी 'सर' लावायचा नाही असा संकेत आहे, कारण सर होताना खांद्याला तलवार टेकवतात आणि पाद्र्याला तलवार शोभत नाही. बायकांच्या 'डेम' पदवीला तलवार नसते. त्यामुळे सॅरा मलाली खुशाल डेम सॅरा आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांची कँटरबरीच्या आर्चबिशप, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वोच्च धर्मगुरू, म्हणून निवड जाहीर झाली, त्या पदावरची पहिली स्त्री. त्या आधी नर्स होत्या आणि इंग्लंडच्या मुख्य परिचर्या अधिकारीही. म्हणजे आपल्या एखाद्या सरकारी दवाखान्यात असत्या तर पेशंटांनी त्यांना सिस्टरच म्हटलं असतं.

मराठीत लिहिताना हे सगळं तुलनेने सोपं जातं, हे मला या कामातून कळलं. इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही, म्हणून सगळा भार नामावर पडतो. आपण 'बिशप आले' आणि 'बिशप आल्या' म्हणून मोकळे होतो. बिशपला हात लावावा लागत नाही. २००७ साली प्रतिभा पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा 'पती'वरून थोडी कुजबुज झाली, पण 'राष्ट्रपती म्हणाल्या' हे वाक्य कानाला आठवडाभरात सवयीचं झालं. कायद्याने तर कधीच हात झटकलेत: १८९७चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट सांगतो की पुल्लिंगी शब्दात स्त्रिया धराव्यात.

बहिणीला मी उत्तर पाठवलं: पाकिटावर 'द रेव्हरंड' आणि पूर्ण नाव. आत त्या स्वतः सही करतात त्या नावाने, बहुधा पहिल्या नावानेच. फादर-मदर काही नको, त्या चर्चमध्ये तशी रीत असेल तर शाळेच्या पत्रकावर दिसेल. तिने पत्रक शोधून फोटो पाठवला. नुसतं पहिलं नाव होतं, पुढे कंसात व्हिकर.

पण सासूबाई अडून बसल्या. पन्नाशीच्या, देवाचं करणाऱ्या बाईला एकेरी नावाने कार्ड पाठवायचं म्हणजे काय? शेवटी आतल्या बाजूला इंग्रजी अक्षरांत नावापुढे 'ताई' जोडून कार्ड गेलं. नातवाने खाली गायीगोठ्याचं चित्र काढलं आणि आपल्या परीने पत्ता घातला: 'मिस व्हिकर'. त्याच्या शाळेत सगळ्याच बायका मिस असतात.